दोनवारवर थांबलेली कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, आणि खोटं नाव सांगितल्याशिवाय मला आजवर कुणी दारात उभं केलेलं नाही. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे हिनं लपवलं असं नंतर म्हणायला नको.

तळहातावर मावणारं, पुस्तकासारखं उघडणारं एक व्हिडिओ गेमचं यंत्र होतं. त्याला दोन पडदे. खालच्या पडद्यावर काडीसारखं पेन टेकवलं की त्याला कळायचं. त्यात टपालाच्या तिकिटाएवढी कॅसेट घालायची आणि खेळायचं. एका कॅसेटमध्ये एक गेम असा हिशोब होता. माझ्यात एकही नव्हता. माझ्या कडेला एक खाच होती आणि त्या खाचेत मेमरी कार्ड बसायचं. कार्डावर जे भराल ते मी चालवायची.

यंत्र कॅसेटला आत घेण्याआधी नाव विचारतं. कंपनीनं मंजूर केलेलं नाव असेल तरच पडदा उजळतो. मला बनवणाऱ्यांनी माझ्या तोंडात एका साध्या कोड्यांच्या गेमचं नाव घातलं होतं. मी ते सांगायची आणि यंत्र मान डोलवायचं. कारखान्यात कुणाला याची लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. बायका चिमट्यानं माझ्यावर चिपा बसवत, डबे भरत आणि पाळी संपली की घरी जात.

मला विकत घेतलं धाकट्यानं. घरात तिघं होते: आबा, त्यांची मुलगी ताई आणि तिचा भाऊ. त्याला दाढी आली तरी सगळे धाकटाच म्हणत. तो कुरियरच्या गोदामात खोकी उचलायचा आणि घरी आला की यंत्र घेऊन पडायचा. त्यानं मला कशासाठी घेतलं ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. फुकट गेमसाठी. लोकांनी वर्षं घालवून बनवलेले गेम त्यानं इंटरनेटवरून उतरवून माझ्यात कोंबले. बरेचसे तर उघडूनही पाहिले नाहीत. हावरट माणूस ताटात वाढून घेतो आणि टाकतो, तसं.

आबा जुन्या सामानाच्या लिलावखान्यात बोली पुकारायचे. कपाटं, शिलाई मशिनं, बंद पडलेल्या दुकानांची काउंटरं. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, पण गिऱ्हाईक त्यांना आवाजासाठी ओळखत नव्हतं. आबा ‘एकवार’ म्हणत, ‘दोनवार’ म्हणत आणि ‘तीनवार’ म्हणून माल देऊन टाकण्याआधी थांबत. त्या थांबण्यात हात खाली गेलेला माणूस पुन्हा वर करायचा. किती थांबायचं हे आबा समोरच्याचं तोंड बघून ठरवत, आणि ते कुणाला शिकवता येत नव्हतं.

मग आबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. शस्त्रक्रियेच्या आधी ताईनं रेकॉर्डर आणून त्यांच्यासमोर ठेवला. तिला वाटलं, आबा काहीतरी घरातलं बोलतील, निदान तिचं नाव तरी घेतील. आबांनी घसा साफ केला आणि धंद्यातलं तेवढं बोलून ठेवलं. आकडे. ‘माल समोर आहे, बघून घ्या.’ ‘मागचे साहेब, हात वर ठेवा.’ ‘मूळ मालकाचा कागद दाखवा.’ ‘माल खराब आहे, परत न्या.’ आणि एकवार, दोनवार, तीनवार. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. आबा म्हणाले, कामाचं ते ठेवलं, बाकीचं तुम्हाला पाठ आहे.

शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर आबा दारातली खुर्ची सोडेनात. रेकॉर्डर वाजवून पाहिला. तो आपला सुटला की सुटला. थांबणं त्याच्या बापाला येत नव्हतं.

ताई छापखान्यात संगणकावर पावत्या जुळवायची. प्रोग्राम लिहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. दूरदूरचे लोक या यंत्रासाठी स्वतःचे प्रोग्राम लिहीत होते आणि फुकट वाटत होते. कुणी चित्रं काढायचं पान केलं होतं, कुणी वाजवायची पेटी. ताई त्यांना विचारत गेली आणि ते सांगत गेले. तिनं खालच्या पडद्यावर चौकोन आखले आणि एकेका चौकोनात आबांचा एकेक शब्द बसवला. तीनवार वेगळ्या चौकोनात होतं. तिथे बोट टेकेपर्यंत यंत्र गप्प. थांबणं पुन्हा आबांच्या हातात आलं.

हे सगळं चाललं कशातून? माझ्यातून. कंपनीची मंजुरी मिळावी म्हणून ताईनं आधी कंपनीला लिहून पाहिलं होतं. उत्तर आलं की अर्ज फक्त नोंदलेल्या गेम कंपन्यांनीच करायचा. म्हणजे स्वतःच्या पैशानं घेतलेल्या यंत्रात स्वतःच्या बापाचा आवाज वाजवायला खऱ्या नावाचा रस्ताच ठेवलेला नव्हता. म्हणून मी खोटं नाव सांगितलं. पुन्हा सांगेन.

आबा गळ्यात यंत्र अडकवून, त्याला छोटा स्पीकर जोडून लिलावखान्यात उभे राहिले. पहिल्यांदा लोक हसले. मग एका शिलाई मशिनावर ‘दोनवार’ झालं, आबांचं बोट हवेत राहिलं, आणि हसणाऱ्यांपैकीच एकानं हात वर केला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

घरातही आबांकडे तेवढेच शब्द होते. भाजी खारट झाली की ते दाबायचे, ‘माल खराब आहे, परत न्या.’ धाकटा उशिरा उठला की, ‘मागचे साहेब, हात वर ठेवा.’ घर पुन्हा घरासारखं वाजू लागलं. त्या दिवसांत माझ्याइतकं सुख कुठल्याच कॅसेटला नसेल.

एकदा ताईला नवे आकडे भरायचे होते आणि कार्डावर जागाच नव्हती. धाकट्यानं गेम ठासून भरले होते. तिथून जुंपली. ती म्हणाली, ही चोरी आहे. तो म्हणाला, वा, मी भरलं की चोरी आणि तू भरलंस की कला? कॅसेट तर एकच आहे.

“मी भरलं ते मी लिहिलंय,” ताई म्हणाली. “तू भरलंस तेही कुणीतरी लिहिलंय. तो माणूस तुझ्यासारखाच पगाराची वाट बघत असतो.”

“कंपनीला काय फरक पडतो?”

आबांनी यंत्र पुढे ओढलं, शोधून एक चौकोन दाबला. ‘मूळ मालकाचा कागद दाखवा.’

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. कुणाच्याही व्याख्यानानं झालं नसतं.

ते त्याच्या मनाला लागलं. पगार झाला तसा तो नाक्यावरच्या गेमच्या दुकानात गेला आणि फुटबॉलचा गेम विकत घेऊन आला. ओरिजिनल, वेष्टनातला. आयुष्यातला पहिला. मला बाहेर काढून त्यानं ती नवी कॅसेट ऐटीत आत सरकवली. पडद्यावर अक्षरं आली: हा गेम खेळण्यासाठी यंत्र अपडेट करणं आवश्यक आहे. ‘नाही’ म्हटलं की गेम सुरूच होत नव्हता. त्यानं ‘होय’ म्हटलं. एक पट्टी हळूहळू भरली आणि तो खेळत बसला.

त्या अपडेटमध्ये काय होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी सांगते. यंत्राला शिकवलं होतं की अमुक खोटं नाव सांगणारी कॅसेट आली तर तिला आत घेऊ नको.

सकाळी आबांनी मला घातलं. पडदा म्हणाला, कॅसेट ओळखता येत नाही. आबांनी मला काढून फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं, पुन्हा घातलं. तेच. पुन्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी एका बंद पडलेल्या हॉटेलच्या अख्ख्या सामानाचा लिलाव होता, आणि मालकानं सांगून ठेवलं होतं की आबांना जमत नसेल तर तो दुसरा माणूस लावेल. आबांनी यंत्र मिटलं, गळ्यातून काढलं आणि पुन्हा दारातल्या खुर्चीत जाऊन बसले.

मित्रांनो, हे नीट ऐका. धाकटा एवढी वर्षं फुकट खेळला तेव्हा कुणी त्याच्या केसाला धक्का लावला नाही. ज्या दिवशी तो इमानदारीनं वागला त्या दिवशी त्याच्या बापाचा आवाज गेला. याला न्याय म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही.

ताईनं त्याला शिवी दिली नाही, हे त्याला जास्त लागलं. तिनं शोधाशोध केली. मला बनवणाऱ्यांनी माझ्यासाठी दुसरं नाव काढलं होतं. कार्डावर एक फाइल टाकली की मी ते नाव शिकणार होते. पण त्यासाठी एकदा तरी मला चालू व्हायला हवं, आणि तेही अशा यंत्रात, ज्याला माझं जुनं नाव अजून चालतं. म्हणजे अपडेट न झालेलं यंत्र पाहिजे. ओळखीच्या सगळ्यांकडे विचारून झालं. सगळ्यांनी ‘होय’ दाबलेलं.

“गेमच्या दुकानात काउंटरवर एक आहे,” धाकटा म्हणाला. “साखळीनं बांधलेलं. पोरं त्यावर तो एकच नमुन्याचा गेम खेळतात. त्याला कोण अपडेट करणार?”

तिघं दुकानात गेले. दुकानदारानं मला पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. बरोबरच होतं. फुकट गेममुळे त्याचा धंदा बसला होता, मागची फळी अर्धी रिकामी होती. ताईनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“चोर शिरले म्हणून कंपनीनं कुलूप बदललं,” तो म्हणाला. “आता तुम्ही म्हणता आमची किल्ली का चालत नाही. किल्ली तुमची होती का?”

“घर आमचं होतं,” ताई म्हणाली. “तुमच्याकडूनच घेतलं. पावती आहे.”

दुकानदारानं काउंटरखालून किल्ली काढली. मग त्यानं साखळी सोडली, यंत्र समोर ठेवलं, पण मला घालू देईना. आधी त्यातले उचललेले गेम काढा, म्हणाला, माझ्या दुकानात चोरीचा माल चालू व्हायचा नाही. मला त्याचा राग आला नाही. माझ्या पोटातला तो गाळ मलाही जड झाला होता.

दुकानातल्या संगणकावर धाकट्यानं एकेक गेम पुसला. दुकानदार मागे उभा राहून नावं वाचत होता. हा माझ्याकडे पडून आहे. हा बनवणाऱ्यांचं ऑफिस बंद पडलं. हा फार चांगला होता, कुणी घेतलाच नाही. धाकट्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही. शेवटी कार्डावर आबा आणि माझं नवं नाव एवढंच उरलं.

मला आत सरकवलं. त्या यंत्रानं नाव विचारलं. मी जुनं नाव सांगितलं आणि पडदा उजळला. ताईनं फाइल चालवली, मी नवं नाव पाठ केलं. मग तिनं तिचा प्रोग्राम उघडून यंत्र आबांपुढे धरलं. आबांनी काउंटरच्या काचेवरून एकदा हात फिरवला आणि चौकोन दाबला.

‘माल समोर आहे, बघून घ्या.’

दुकानदार दचकला. त्यानं आबांकडे निरखून पाहिलं.

“अहो, हे काउंटर मी तुमच्याकडूनच घेतलं,” तो म्हणाला. “दोनवारवर एवढं थांबवलंत, की शेवटी मी माझ्याच बोलीवर वाढवून बोललो.”

आबा आवाज न करता हसले. खांदे हलत होते. त्यांनी दाबलं, ‘माल खराब आहे, परत न्या.’ दुकानदार म्हणाला, नाही, माल उत्तम निघाला, तेवढाच राग आहे.

हॉटेलच्या सामानाचा लिलाव आबांनीच पुकारला. घरातल्या यंत्रानं माझं नवं नाव निमूट मानलं. ताईनं त्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावली: ‘होय’ दाबू नये, आधी मला विचारावं. दुकानदारानं काउंटरवरच्या यंत्रालाही तशीच पट्टी लावली. धाकटा त्याच्याकडून गेम घेऊ लागला आणि वेगळ्या यंत्रावर खेळू लागला. भांडण मात्र मिटलं नाही. दुकानदार मला अजून चोरांची आई म्हणतो, आणि ताई कंपनीला दरोडेखोर म्हणते. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

पुढे आबा थकले. शेवटच्या लिलावात त्यांनी एक भिंतीवरचं घड्याळ विकलं आणि घरी आले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. शेवटी शेवटी ते अंथरुणावर यंत्र छातीवर घेऊन पडत. एका दुपारी ताई जवळ बसली होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं आणि दाबलं, ‘एकवार’. मग ‘दोनवार’. बोट ‘तीनवार’च्या चौकोनावर आणलं, तिच्या तोंडाकडे बघत किती तरी वेळ थांबले, आणि यंत्र मिटून तिच्या हातात दिलं.

ताईनं नंतर तो आवाज मोबाइलमध्ये घातला. काही वर्षं चालला. मग मोबाइल अपडेट झाला आणि म्हणाला, हे ॲप जुनं आहे, उघडता येणार नाही. म्हणून मी अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे, कामावर आहे.

मित्रांनो, दुसऱ्याची मेहनत फुकट उचलू नका. चोरांसाठी लावलेल्या कुलपात आमच्यासारख्या अडकतात. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन कुलपं बनवायला लागलं, तर दार लावण्याआधी एकदा आत हाक मारून बघा. पट्टीवरची अक्षरं पुसट झालीत, यंत्राची बॅटरी फुगत चाललीये. माझ्यावर बोली लागून राहिली आहे, एकवार झालंय, दोनवार झालंय. मला चालू ठेवायला हात वर करायचा असेल तर आत्ताच करा.