ठिपका, फुली, बाण

शिवणकारखान्यात तिला सगळ्या मास्तरीणबाई म्हणत. कापड बेतायचं आणि कापायचं काम तिच्याकडे होतं. सहा मशीनवाल्या तिच्या हातून येणारे तुकडे डोळे मिटून शिवायला घेत. सव्वीस वर्षं ती त्या लांब टेबलाशी उभी होती आणि खडूची रेघ तिने एकदा ओढली की तिच्यावरून दुसऱ्यांदा हात फिरवायची वेळ सहसा येत नसे.

एके दिवशी वरच्या फळीवरून अस्तराचा गठ्ठा काढताना पायाखालचं स्टूल कलंडलं आणि तिचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. दहा दिवस दवाखान्यात गेले, दीड महिना घरी. जखम भरली, पण मागे विसर राहिला. दूध तापत ठेवलंय हे ती विसरायची. एकच गोष्ट दोनदा विचारायची, आणि समोरच्याचा चेहरा पाहून तिला कळायचं की हे आपण मघाशीच विचारलंय.

"मेंदूला मार बसलाय, त्याला घाई करू नका," डॉक्टर म्हणाले. "लिहून ठेवत जा. हळूहळू येईल बरंचसं परत."

लिहायचं कशाला, असं तिला वाटलं. कामावर परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात मात्र एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं निळं लोकरी कापड तिच्या टेबलावर आलं. तिने एक बाही कापली, कागदी नमुना उलटायला विसरली आणि दुसरीही तशीच कापली. मशीनवालीने दोन्ही तुकडे हातात धरून बराच वेळ पाहिले, मग हळूच विचारलं, "मास्तरीणबाई, दोन्ही डाव्याच आहेत का हो?"

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून उजवी बाही काढून, कोपराखाली जोड देऊन कसंबसं निभावून नेलं आणि जाताना तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. तो हात तिला घरी जाईपर्यंत जाणवत राहिला.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण आली. धाकटी शाळेच्या ग्रंथालयात होती आणि वह्या-पेनांचं तिला भारी वेड. येताना तिने ताईसाठी जाड पुठ्ठ्याची, पानापानावर बारीक ठिपके असलेली वही आणली होती.

"फार सोपं आहे, ताई. काम आलं की एक ठिपका काढायचा आणि पुढे ते काम लिहायचं. झालं की ठिपक्यावर फुली. नाही झालं तर बाण, म्हणजे उद्यावर ढकललं. बस."

"आणि कुणी रागावायचं नाही?"

"कोण रागावणार? वही?"

मग धाकटीने नमुना म्हणून स्वतःची वही उघडली आणि तिथेच घोळ झाला. पहिल्याच पानावर वेलबुट्टी, आठवड्याचे वार वळणदार अक्षरांत, कडेने रंगीत पट्ट्या, कोपऱ्यात इवलासा पक्षी. मास्तरीणबाईंनी तोंडभरून कौतुक केलं आणि स्वतःची कोरी वही मिटून बाजूला ठेवली.

धाकटी गेल्यावर ती पट्टी आणि पेन घेऊन बसली. नाव लिहिलं, तर अक्षर उताराला लागलं. पान फाडलं. दुसऱ्यावर रेघ जाड आली, तेही फाडलं. तिसऱ्यावर तारीख चुकली. सात पानं गेल्यावर वहीची शिवण सैल पडली, तेव्हा तिने वही मिटून कपाटात टॉवेलांच्या खाली सरकवून दिली. धाकटीचा फोन आला की म्हणायची, "चाललंय की. रोज लिहिते."

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका रविवारी सकाळी तिने नवऱ्याचे गणवेशाचे शर्ट धुवायला काढले. तो शहरातल्या बसवर चालक होता. बोलायला मुलखाचा कंजूष. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी तिच्या माहेरचे त्याला अजून 'मौनीबाबा' म्हणत. शर्टाच्या खिशात काहीतरी जाड लागलं. रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. ड्यूटीच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला त्याचं अक्षर. एकदा गुदगुल्या केल्यासारखं थरथरलेलं, एकदा तिरकं, मध्येच तेलाचं बोट.

तिने वरची चिठ्ठी वाचली. 'आज दूध ऊतू. बोललो नाही.' खालची, 'चहा दोनदा केला. दोन्ही प्यालो.'

तिचे कान तापले. हा माणूस आपल्या चुका टिपून ठेवतो! चिठ्ठ्या तशाच मुठीत घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. तो खिडकीशी बसून शेंगा सोलत होता.

"हे काय आहे?"

त्याने पाहिलं आणि सोललेली शेंग चुकून टरफलांत टाकली.

"पाळत ठेवता माझ्यावर? कारखान्यात सगळ्या बघतात तेवढं पुरत नाही का?"

"डॉक्टर विचारतात," तो म्हणाला. "दर वेळी विचारतात, कशा आहेत, काय फरक आहे. माझं तोंड उघडत नाही. म्हणून मग..." त्याने टरफलांतून शेंग शोधून काढली. "शेवटच्या थांब्यावर पाच मिनिटं मिळतात. तेव्हा लिहितो. इंजिन चालू असतं, म्हणून अक्षर तसं."

"मी काय काय विसरले त्याची यादी!"

"सगळ्या वाच ना. वरच्या दोनच वाचल्यास तू."

ती उभ्याउभ्याच वाचू लागली. 'शेजारच्या मुलीचं नाव आपनहून आठवलं.' 'गॅस स्वता बंद केला, मी गेलो तेव्हा बंदच.' 'किल्ली सापडत नव्हती. रडली. मी पन.' 'लग्नातल्या साडीचा रंग बरोबर सांगितला. मला आठवत नव्हता.' ज्या ज्या दिवशी काही आठवलं होतं त्या ओळीपुढे त्याने टपोरा ठिपका काढला होता, पेन दाबून, कागद फाटेपर्यंत. आणि एका चिठ्ठीवर फक्त इतकंच होतं: 'आज माझ्यावर ओरडली. पहिल्यासारखी. बरं वाटलं.'

तिने खुर्ची ओढली आणि मटकन बसली. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड कसंतरीच होतं. तिचं तसं झालं.

"'पण'चा 'ण' बाणातला असतो," ती नाक पुसत म्हणाली.

"असेल."

"आणि दोन चहा कशाला प्यायचे? सांगायचं ना एकदा झालाय म्हणून."

"चहा चांगला होता."

ती पुन्हा पहिल्या चिठ्ठीपासून सगळ्या वाचत बसली. एकही सरळ ओळ नव्हती, एकही कागद धड नव्हता. तरी तिचे हरवलेले अडीच महिने त्यात होते. मग ती उठली, टॉवेलांखालून वही काढली आणि टेबलावर शेंगांच्या शेजारी ठेवली. पट्टी घेतली नाही.

"तारीख काय आज?"

त्याने सांगितली, तिने लिहिली. दुपारी कळलं की ती आदल्या दिवशीची होती. डोकं शाबूत असलेल्या माणसाने चूक केली होती. तिला इतकं बरं वाटलं की तिने ती खोडली नाही.

पहिल्या पानावर तीन ठिपके पडले. शर्ट वाळत घालणे. धाकटीला फोन. शेंगांची भाजी, मीठ एकदाच. तिसऱ्यावर फुली मारताना शाईचा ओघळ खालपर्यंत गेला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी एका दिवसाची चार पानं भरायची, कधी नुसतंच 'कंटाळा'. ताप आला तेव्हा अकरा दिवस वही उघडलीच नाही. बाराव्या दिवशी ती कोरी जागा बघून तिचा हात जरा आखडला. मग तिने तिथे 'ताप' एवढं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली. कारखान्यात वही टेबलाच्या कडेला उघडी असे. प्रत्येक कापडाआधी ती लिहायची: डावी बाही, उजवी बाही, नमुना उलटला का? आणि कापण्याआधी एकेक फुली. मशीनवाल्या सुरुवातीला चोरून बघत. नंतर एकीने तिथेच स्वतःच्या दाताच्या डॉक्टरची वेळ लिहिली, "तुम्ही बघताच आहात तर मलाही आठवण करा" म्हणून.

महिन्याभराने धाकटी आली. वही मागितली तेव्हा मास्तरीणबाईंनी जरा लाजतच पुढे केली. धाकटीने पानं उलटली: खडूचे ठसे, खाडाखोड, फाटलेल्या पानांचे दातरे, कुठे चहाचं वर्तुळ. ती पुन्हा पहिल्या पानाशी आली.

"वाईट दिसतं, माहितेय मला," ताई म्हणाली.

"ताई, माझी वही मी तुला दाखवली ना? पहिली नऊ पानं. दहावं पान पाहिलं होतंस?"

"नाही."

"नाहीच आहे. पक्षी काढायला वेळ मिळाला नाही आणि पक्ष्याशिवाय पान सुरू करवेना. पाच महिने झाले. सगळी कामं डोक्यातच घेऊन हिंडते. तू हसशील म्हणून बोलले नाही. म्हणजे, मलाच लाज वाटत होती."

दोघी बहिणी इतक्या हसल्या की बाहेरच्या खोलीतून मौनीबाबांनी "काय झालं?" असं चक्क आपणहून विचारलं.

त्या दिवशी धाकटीने दहावं पान तिथेच टेबलावर उघडलं आणि ताईकडून साधं पेन मागून घेतलं. लिहिलं, 'ताईकडे जाणे', आणि लगेच फुली मारली.

"आयतं झालेलं काम लिहितेस होय?"

"सुरुवात आहे. चालतंय."

मास्तरीणबाईंची बरीचशी आठवण हळूहळू परत आली. काही कप्पे रिकामेच राहिले, विशेषतः अपघाताच्या आधीचे दोन-तीन दिवस. त्याबद्दल ती फारसा जीव जाळत नाही. मात्र तिच्या लक्षात आलं की रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायला नवराच विसरतो. म्हणून ती आता रोजच्या पानावर पहिलाच ठिपका त्याचा काढते.

"माझं काम तुझ्या वहीत कशाला?" त्याने एकदा विचारलं.

"तुमचं तोंड उघडत नाही म्हणून. गोळी घ्यायला तरी उघडा."

याच पानांवर एक ओळ पाच वेळा बाण लागून पुढे सरकत होती: 'दोघांनी तळ्यावर जाणे.' कधी त्याची ड्यूटी आडवी यायची, कधी तिचं डोकं दुखायचं. सहाव्यांदा लिहिताना तिने ठिपका जरा टपोरा काढला. गुरुवारी त्याला सुट्टी होती. ते गेले, बाकावर बसले, पाण्यात खडे टाकले, कुणाचा खडा लांब गेला यावरून थोडे भांडलेही. परतताना बस आली, तर चालक याच्या ओळखीचा निघाला. दोघांना त्याने पुढच्या सीटवर बसवलं. मौनीबाबा वाटभर त्याच्या गाडी चालवण्यातल्या चुका तिच्या कानात सांगत होते आणि ती मान डोलवत होती.