त्रेचाळीस ठिपक्यांचे फडके

मी एक जुने फडके आहे. फडक्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, याची मला अजूनही खात्री वाटत नाही. घड्याळ किंवा खुर्ची बोलली तर लोक ऐकून घेतात, पण पुसायच्या कापडाचे कोण ऐकणार? तरीही, मित्रांनो, माझ्या अंगावर सोनेरी त्रेचाळीस ठिपके आहेत. ते कसे आले हे मला ठाऊक आहे, म्हणून धीर करून सांगते.

मी मुळात एका पांढऱ्या सुती लुगड्याचा पदर. लुगडे इंदूबाईंचे. चाळीस वर्षांपूर्वी त्या उत्तर नागपुरातल्या एका जुन्या वस्तीत राहत, आणि त्या वेळी तिथे बुद्धविहार बांधला जात होता. वस्तीची गल्ली इतकी अरुंद, की विटांचा ट्रक आत येत नसे. विटा रस्त्यावरच उतरत. मग दिवसाचे काम आटोपून बायका जमत आणि घमेल्यात विटा भरून डोक्यावरून आत नेत. इंदूबाईंनी विरलेला पदर फाडला, त्याचे गोल वेटोळे केले आणि घमेल्याखाली डोक्यावर ठेवले. त्याला चुंबळ म्हणतात. ती चुंबळ म्हणजे मी. माझा पहिला रंग विटेचा.

तेव्हाच्या बायकांत मला सर्वांत जास्त आठवते ती पंचफुला. ती गल्लीच्या टोकाला राहत असे. ती विहारात बसणाऱ्यांपैकी नव्हती. तिच्या घरी वेगळे देवघर होते. पण विटा उचलायला ती सर्वांच्या आधी हजर असे आणि तिच्या घमेल्यात नेहमी दोन विटा जास्त असत.

"पंचफुला, दोन कमी घे वं," इंदूबाई म्हणत.

"काहून? माझी मान का तुझ्यापेक्षा बारीक हाय?" असे म्हणून ती पुढे निघून जाई.

विहार उभा राहिला. दाराशी संगमरवराची पाटी लागली. तिच्यावर देणगीदारांची नावे सोनेरी अक्षरांत कोरली होती. विटा वाहणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव तिच्यावर नव्हते. त्या वेळी कोणी काही बोलले नाही. मीही धुतले गेले आणि दांडीवर वाळत पडले.

त्यानंतर माझी नेमणूक इंदूबाईंच्या यजमानांकडे झाली. आनंदराव एका शाळेत ग्रंथपाल होते. बोलायला लाजरे. कोणी हाक मारली तर आधी हातातल्या पुस्तकात बोट घालून ठेवत आणि मगच वर पाहत. पण त्यांचे अक्षर मोठे देखणे होते. शाळेच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावे तेच लिहीत, तेही टाकाने, म्हणजे शाईत बुडवून लिहायच्या लेखणीने. प्रत्येक नावानंतर टाक माझ्यावर पुसला जाई. काळी शाई, साधी आणि भरवशाची. माझे हे दिवस चांगले गेले. मुले प्रमाणपत्र हातात घेऊन आपल्याच नावाकडे पाहत राहत, ते मी टेबलावरून पाहत असे.

पुढे शाळेत संगणक आला. टाक पत्र्याच्या डब्यात गेला आणि त्याच्याभोवती गुंडाळलेले मीही. हे कुटुंब नागपुरातच प्रताप नगरला राहायला आले तेव्हा डबाही आला, पण तो उघडला कोणी नाही. अकरा वर्षे. एवढ्या काळात आपण कशासाठी होतो, हेच मी विसरत चालले होते.

यंदा विहाराला चाळीस वर्षे झाली. महिला मंडळाच्या सभेहून परत आल्या आल्या इंदूबाईंनी डबा शोधून काढला आणि आनंदरावांच्या पुढ्यात आदळला.

"अजी, विटा वाहणाऱ्या त्रेचाळीस जणींची नावं लिहाची हायेत. फ्रेम करून विहारात लावाची. रविवारी कार्यक्रम हाय."

"माझा हात थरथरते आता. छापून घ्या ना."

"छापलेलं नाही पाहिजे. अन् शाई चमकणारी पाहिजे."

"चमकी? लग्नाची पत्रिका हाय का ते?" आनंदराव चक्क हसले. "चमकाचं ते अक्षरानं चमकावं, शाईनं नाही."

इंदूबाई हसल्या नाहीत. "पाटीवरचे नावं सोनेरी हायेत. मंग आमचेच काहून काळे?"

यावर आनंदरावांनी डबा उघडला. त्यांनी मला झटकले आणि टाकाचे टोक पुसून पाहिले.

त्यांची नात मोनाली विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरी करते. तिने त्यांना गाडीवर बसवून सीताबर्डीच्या एका दुकानात नेले. मी टाकासह त्यांच्या खिशात होते. दुकानदाराने बाटल्या मांडल्या. शाईच्या तळाशी गाळ बसावा तशी बारीक चमक बसली होती. बाटली हलवली की ती धुरासारखी वर येई.

"फाउंटन पेनमधे नका टाकू काका, जाम होते," दुकानदार म्हणाला. "टाकाले एकदम मस्त. फक्त बाटली हलवत राहा."

हे शेवटचे वाक्य आनंदरावांनी ऐकले. पण त्यांचे डोळे बाटल्यांवर होते. त्यांनी तीन लहान बाटल्या घेतल्या: निळ्यात चांदी, जांभळ्यात सोने आणि काळपट हिरव्यात सोने. हवा तसा जाड कागद दुकानात दोनच ताव शिल्लक होता. तोही घेतला.

"निळी घ्या आबाजी," मोनाली म्हणाली. "मस्त दिसून राहिली."

"इथं दिसून राहिली," आनंदराव पुटपुटले. "तिथं कशी दिसते ते पाहू."

घरी त्यांनी तीन चिठ्ठ्यांवर तीन शायांनी एकच नाव लिहिले, पंचफुला. ते नाव त्यांना इंदूबाईंनी सुचवले. दुसऱ्या दिवशी आम्ही विहारात गेलो. जिथे फ्रेम लागणार त्या भिंतीवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि समोर चटईवर इंदूबाईंना बसवले, कारण कार्यक्रमात बायका तिथेच बसणार होत्या. इंदूबाईंच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे.

"निळं वाचता येते," त्या म्हणाल्या, "पण ट्यूबलाइटखाली त्याच्यावर राख पडल्यासारखी दिसते."

"अन् जांभळं?"

"जवळून गोड हाय. इथून नुसता डाग दिसते."

"हिरवं?"

बसल्या जागेवरून काळेभोर, ठसठशीत नाव वाचता येत होते. इंदूबाई उठून भिंतीजवळ गेल्या, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "अवं माय! आत्ता चमकलं."

अशी शाई ठरली. दुरून वाचता यावी आणि जवळ जाणाऱ्याला चमक मिळावी.

शुक्रवारी सकाळी आनंदराव खिडकीपाशी बसले. बाटली त्यांनी चांगली हलवली, शाई दौतीत ओतली आणि लिहायला लागले. हात थरथरत होता, पण टाक कागदाला टेकला की स्थिर होई. हे कसे होते ते मला अजून कळलेले नाही. दुपारपर्यंत त्रेचाळीस नावे झाली. शेवटून दुसरे पंचफुलाचे आणि शेवटचे इंदूबाईंचे. यादी इंदूबाईंनीच केली होती, म्हणून त्यांनी स्वतःला शेवटी ठेवले होते.

मित्रांनो, चूक मला आधी दिसली होती. सकाळचे डाग माझ्यावर सोनेरी उमटत होते. नंतरचे नुसते हिरवे उमटू लागले. पण फडक्याकडे पाहतो कोण? पुसले की काम झाले.

इंदूबाईंनी ताव उचलून उन्हात तिरका धरला. वरची नावे झगमगली. मधली मिणमिणली. खालची दहा-बारा नावे तशीच काळी राहिली. चमक दौतीच्या तळाशी जाऊन बसली होती. जन्मभर साधी शाई वापरलेल्या माणसाने एकदा हलवून दुपारपर्यंत लिहिले होते.

आनंदरावांचा चेहरा उतरला. "मी म्हणलो होतो. माझ्याच्यानं नाही होत."

"माझं फिकं चालते," इंदूबाई म्हणाल्या. मग त्यांचे बोट वरच्या नावावर गेले. "पंचफुलाचं नाही चालत. तिची पोरगी येणार हाय, दिपाली. माय गेल्यावर पहिल्यांदा येऊन राहिली वस्तीत. वरच्या बायांचं सोनेरी अन् तिच्या मायचं काळं, तर तिनं काय समजाचं? का आपल्यातली नव्हती म्हणून?"

मोनाली हळूच म्हणाली, "आबाजी, उद्या प्रिंट काढून आणू का? गोल्डनमधे मिळते. पाच मिनिटांचं काम हाय."

आनंदराव कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "विटा का मशीननं आल्या होत्या?"

मग स्वतःच्याच आवाजाने ते ओशाळले आणि चष्मा पुसायला फडके शोधू लागले. ते फडके मी होते. चष्म्याला लावण्याआधी त्यांनी मला उजेडात पाहिले. एका टोकाचे डाग सोनेरी आणि दुसऱ्या टोकाचे हिरवे. चमक कुठे संपली हे माझ्यावर उमटलेले होते. पन्नास वर्षे पुस्तके वाचणाऱ्या माणसाने त्या दिवशी मला वाचले.

एकच ताव उरला होता आणि मध्ये एकच दिवस होता. शनिवारी सकाळी त्यांनी मला धुऊन, वाळवून पुन्हा पांढरे केले. इंदूबाईंनी लाडवाच्या डब्यातला डिंक पाण्यात विरघळवून एक थेंब शाईत घातला. शाई जराशी दाट झाली की चमक लवकर खाली बसत नाही म्हणे. तरी आनंदरावांनी डिंकावर विसंबायचे नाही असे ठरवले. खराट्याची काडी घेऊन ते दौत ढवळत, टाक बुडवत आणि लिहिण्याआधी त्याचे टोक माझ्या कोऱ्या जागी हलकेच टेकवत. ठिपका सोनेरी आला तर एक नाव लिहीत. हिरवा आला तर ती जागा ओल्या बोटाने पुसून पुन्हा ढवळत. पुढचे नाव म्हणजे पुन्हा ढवळणे, पुन्हा टेकवणे.

एकतिसाव्या नावाशी हात फारच कापू लागला. ते आडवे झाले. इंदूबाईंनी त्यांचे मनगट दाबून दिले. अर्ध्या तासाने ते उठले. "चला," एवढेच म्हणाले आणि काडी हातात घेतली. पंचफुलाच्या नावाला त्यांनी दोनदा ढवळले. शेवटी त्रेचाळिसावा ठिपका टेकवला, आणि इंदूबाईंचे नाव लिहिताना मात्र ते एकदाही थांबले नाहीत.

रविवारी फ्रेम भिंतीवर लागली. मी आनंदरावांच्या खिशातून डोकावत होते. म्हाताऱ्या बायका एकेक करून पुढे येत, आपले नाव शोधत आणि सुपात धान्य पाखडताना मान हलते तशी मान डावी-उजवी करत. नाव चमकले की थबकत. कोणी मोठ्याने वाचे, कोणी नुसतेच बोट ठेवी. "माझं तुझ्यापेक्षा जास्त चमकून राहिलं," असे एक जण म्हणाली, आणि दुसरी म्हणाली, "डोळे तपासून घे वं, सारखंच हाय दोघींचं." हे ऐकून आनंदराव खांबाआड गेले. त्यांना रडताना कोणी पाहिलेले आवडत नाही.

दिपाली उशिरा आली. ती बुटीबोरीला सूतगिरणीत काम करते, सकाळची पाळी संपवून आली होती. तिने यादी वरून खाली वाचली. बेचाळिसाव्या नावाशी थांबली, वाकली, मान तिरकी केली.

"मायचं नाव मी रेशन कार्डावरच पाहिलं होतं," ती इंदूबाईंना म्हणाली.

"तिच्या घमेल्यात दोन विटा जास्त राहत होत्या," इंदूबाई म्हणाल्या.

घरी परतल्यावर मोनालीने टेबल आवरले आणि मला धुण्याच्या बादलीत टाकायला उचलले.

"नको वं!" इंदूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी मला उलगडले, ठिपके मोजले, त्रेचाळीस भरले. मग माझा काठ पाहून त्यांचा हात थांबला. चाळीस वर्षांपूर्वीची वीण त्यांनी ओळखली असावी. त्यांनी मला गोल वेटोळ्यात वळवले, तसेच, जसे घमेल्याखाली वळवत, आणि त्या वेटोळ्यात दौत ठेवली.

तिथेच मी आता आहे. दौतीत थोडी शाई उरली आहे आणि चमक पुन्हा तळाशी बसली आहे. मित्रांनो, शाई मेली असे समजून ती ओतून देऊ नका. खाली बसणे हा तिचा स्वभाव आहे. आणि कोणाची नावे लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर दौत सुरुवातीला एकदा हलवून भागत नाही. प्रत्येक नावाआधी हलवा, शेवटच्या नावाआधीही. चमक आली की नाही हे पाहायला जवळ एखादे जुने पांढरे फडके ठेवा. आम्ही खोटे सांगत नाही.