माशांचा रवंथ

मी पुंजाराम, राहात्याचा. चाळीस वर्सं गायी सांभाळल्या, आन् माजीच पोरगी रोहिणी मला म्हनते, "अण्णा, तुमच्यानं आता एक गायसुद्धा सांभाळणं होत नाही." कारन काय, तर म्या एकदा, एकदाच, हरणीला बांधायचं इसरलो आन् ती सरपंचाच्या मक्यात शिरली. हरणी माजी शेवटची गाय. रोहिणीचं म्हननं, तिला विका आन् नगरला सावेडीत आमच्या फ्लॅटवर ऱ्हायला या.

"मला अजून समदं कळतंय!" म्या वरडलो.

"बरं. मग महिनाभर आमच्याकडे राहा आणि सहा मासे सांभाळून दाखवा. सहाच्या सहा जगले तर हरणी विकायची नाही. एक जरी गेला तर विकायची."

जावई कल्याणरावांनी हौसेनं काचंची पेटी आनली हुती. मासे गप्पी जातीचे, बोटाच्या पेराएवढे. खाद्याचा वास रोहिणीला सोसायचा न्हाई, कल्याणराव सकाळीच कंपनीत जायचे, म्हंजे चारापानी माज्याकडं. हरणीला शेजारच्या सहादेवाच्या हवाली केलं आन् आलो. म्हनलं, ह्यात काय अवघड हाय!

सावेडीत माशांच्या दुकानात ग्लोरिया नावाच्या बाई बसायच्या. म्या इचारलं, "सहा नग हायती. दिवसाला किती किलो?"

"किलो? काका, चिमूटभर लागतं."

"चिमटीनं जनावर जगतं व्हय?"

त्यांनी डब्या मांडल्या. पापुद्रे, बारीक दानं, वाळलेल्या अळ्या. तोंडाच्या मापाचं कायतरी सांगत हुत्या. म्या सगळ्यात ठोसर दाना उचलला. गायीला घालतो त्या गोळीपेंडीसारखा हुता, अंगी लागनार म्हनलं.

"ते मोठ्या माशांचं आहे," बाई म्हनल्या.

"मंग ते खाल्ल्याबिगर आमचे मोठे कसे हुतील?" म्या डबी घिऊन निघालोच.

घरी मूठभर टाकलं. मासे धावत आले. दाना तोंडात घ्यायचे, हलवायचे, भाईर टाकायचे, परत घ्यायचे, परत भाईर. माजा जीव भांड्यात पडला. रवंथ! जनावर रवंथ करतंय म्हंजे पोट भरलंय, तब्येत झ्याक हाय. संध्याकाळी अजून मूठभर टाकलं आन् खुर्ची घिऊन रवंथ बघत बसलो. लई बरं वाटलं.

चवथ्या दिवशी पानी ताकासारखं झालं. मासे वर यिऊन तोंड वासाया लागले, एक तर आडवाच व्हायला लागला. हरणी टेम्पोत चढताना डोळ्यांम्होरं दिसाया लागली. राहात्याच्या जनावरांच्या डॉक्टरला, अँड्र्यू सायबांना फोन लावला.

"डॉक्टर, रवंथ चांगला हाय, पन धापा टाकतीया."

"कोण?"

"गप्पी."

"नवीन घेतली का? जर्सी आहे?"

"मासा हाय वो!"

मंग म्हनले, "पुंजारामभाऊ, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"मंग मासा काय भाजी हाय?"

फोन कट. शेवटी नाक मुठीत धरून ग्लोरियाबाईंकडं गेलो.

"अहो काका, कसला रवंथ! दाणा तोंडात मावत नाही म्हणून थुंकतायत. चार दिवस उपाशी आहेत बिचारे. निम्मं पाणी बदला, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला. आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, दिवसातून दोनदा."

उपाशी! माज्या दावनीला जनावर कधी उपाशी ऱ्हायलं न्हाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो, पानी बदललं, दानं मिक्सरात घातलं आन् भुकटी फडक्यानं गाळली. तेवढ्यात रोहिणी शाळेत शिकवून घरी आली. "अण्णा, माझा मिक्सर!" म्हनली आन् तोंडावर हात धरून बेसिनकडं पळाली.

"एवढा कसला नाजूकपना?" म्या म्हनलो. मासे चिमूटभर भुकटी चाटूनपुसून खात हुते, आडवा झालेला सरळ झाला, म्या त्यातच गुंग.

पंधरा दिवसांनी एका मासळीकडं नजर गेली. पोट खाली उतरलेलं, चाल जड. "कल्याणराव, ही गाभन हाय."

कल्याणरावांना चहाचा ठसका लागला. "अण्णा, मासे अंडी घालतात."

"ही इनार. आठ दिवसांत."

तिला बरनीत येगळी काढली. उकडलेल्या अंड्याचा बलक कनभर द्यायला लागलो. सहाव्या दिवशी इली की! एकोनीस पिल्लं, जिवंत, पळती. कल्याणराव आ करून बघत ऱ्हायले. म्या वार, म्हंजे नाळंची पिशवी, पडायची वाट बघत बसलो. गाय इली की वार पडल्याबिगर उठायचं नसतं. दोन तास झाले तरी पडंना, तवा ग्लोरियाबाईंना फोन केला. बाई हसून हसून बेजार.

"आधी आईला बाहेर काढा, नाहीतर पिल्लं खाईल ती!"

असली कसली आई! लगेच काढली, वर चार शिव्या घातल्या.

महिना भरला. म्या पेटीम्होरं हुबं ऱ्हाऊन मोजून दाखवलं. "सहा. वर एकोनीस. उद्याच्या एसटीनं मी चाललो. हरणी विकायची न्हाई."

रोहिणी एकदम रडाया लागली. "एवढ्याशा मासळीचं कळलं तुम्हाला, अण्णा. आणि मी महिनाभर ओकतेय ते नाही कळलं?"

म्या तिच्याजवळ गेलो.

"मंग सांगायचं की गं!"

"बापाला कसं सांगायचं? आई असती तर तिला सांगितलं असतं. तुम्ही जवळ हवे होतात. हरणी असली की तुम्ही इथं थांबत नाही."

लाज वाटली. लई वाटली. तिच्या डोक्यावर हात ठिवला. "पैलं बाळंतपन माहेरी असतं. सातव्या महिन्यात राहात्याला यायचं."

"तिथं कोण आहे करायला?"

"मी हाय की. आजवर पन्नास-साठ तरी..." म्या जीभ चावली.

"अण्णा, मी गाय नाहीये!" रडता रडता हसली पोरगी.

"तुज्या भागूबाई आत्याला बोलावतो. दूध घरचं असंल. हरणी लागंल का न्हाई मंग?"

"लागेल," ती डोळे पुसत म्हनली.

म्या तिला खुर्चीत बसवलं आन् इचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय?" महिनाभर त्या घरात ऱ्हाऊन हे म्या तिला पैल्यांदाच इचारत हुतो.