अंगठ्याची साक्ष

प्रबंधासाठी तीस माणसं हवी होती, अठ्ठावीस झाली होती, आणि उरलेली दोन चक्क जुळी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंना उडीच मारावीशी वाटली. एका साच्यातले दोन जबडे! दोघांच्याही खालच्या अक्कलदाढा सारख्याच आडव्या. आज उजवी काढायची, पंधरा दिवसांनी डावी. एका खेपेला जुनं भुलीचं औषध, दुसऱ्या खेपेला नवं. कुठल्या कुपीत कुठलं, ते फक्त मार्गदर्शक सरांच्या बंद पाकिटाला ठाऊक. सरांनी बजावलं होतं, ‘‘एक जरी आकडा मनचा निघाला, तर अख्खा प्रबंध केराच्या टोपलीत.’’

दोघं भाऊ फरशी बसवणारे. थोरला सात मिनिटांनी मोठा, आणि तेवढ्या भांडवलावर तो चाळीस वर्षं धाकट्याकडून ‘दादा’ म्हणवून घेत आलेला.

थोरल्याला आधी इंजेक्शन दिलं. घड्याळ सुरू झालं.

‘‘ओठ बधिर झाला की हात वर करा.’’

चाळीस सेकंदांत हात वर. ‘‘झाला! नुसतं लाकूड!’’

बाईंनी ओठाला सुईचं टोक लावलं. लाकूड खुर्चीतून वीतभर उडालं.

‘‘दुखलं ना?’’

‘‘छे! दचकलो.’’

‘‘खोटारडा!’’ शेजारच्या खुर्चीतून धाकटा ओरडला. ‘‘मी तीस सेकंदांत करून दाखवतो. लावा घड्याळ!’’

‘‘अहो, ही शर्यत नाहीये!’’

‘‘डॉक्टरबाई, आम्ही दोघं एका खोलीत असलो की शर्यतच असते.’’

 दुखणं शून्य ते दहात किती, असं बाईंना पुढं विचारायचं होतं; हे दोघं जीव गेला तरी शून्यच सांगणार. अठ्ठावीस जणांच्या कष्टांवर यांची फुशारकी पाणी ओतणार. त्यांनी एकदा थोरल्याकडं पाहिलं, एकदा धाकट्याकडं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्वतःबद्दल खरं बोलायचा नाही, पण हा भावाला अर्धा सेकंद तरी फुकट सोडेल का?

त्यांनी धाकट्याला झगा चढवला, तोंडाला मास्क लावला, हातात घड्याळ दिलं.

‘‘दादाचे आकडे तुम्ही सांगायचे. तुमचे मग ते सांगतील.’’

धाकट्याचे डोळे चकाकले. ‘‘टोचा बाई. भुवई हलली, नाही झाला. परत टोचा. अजून हलतेय!’’ चार मिनिटं दहा सेकंद झाली तेव्हा कुठं त्यानं दादाला पास केलं. मग बाई दाढ काढायला लागताच पायाशी जाऊन त्यानं दादाचा मोजाच ओढून काढला.

‘‘हे कशाला?’’

‘‘ह्याला दुखलं की डावा अंगठा वळतो. लहानपणी मार खाताना मी शेजारीच असायचो ना! हां, वळला! तीन मांडा.’’

‘‘आँ! आँ!’’ थोरला आ वासल्या तोंडानं कळवळला.

‘‘नाकारतोय. चार मांडा!’’

बाईंनी तीनच मांडले, पण हसू आवरता आवरेना.

मग धाकटा खुर्चीत. थोरल्याच्या तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळं सगळा कारभार बोटांवर. दोन मिनिटं वीस सेकंदांत ओठ गार. दाढ निघेपर्यंत थोरला धाकट्याच्या डाव्या अंगठ्यावर नाक टेकवून बसला होता. अंगठा ढिम्म! शेवटी त्यानं हवेत गोल काढला. शून्य. दाढ काढल्याचं दुःख त्याला आत्ता कुठं झालं.

पंधरा दिवसांनी कुप्या बदलल्या आणि सगळं उलटं झालं. थोरल्याला दोन मिनिटं दहा सेकंद, शून्य. धाकट्याला सव्वाचार मिनिटं, आणि अंगठा वळला तो तीनदा.

सरांनी तक्ता पाहिला. ‘‘या दोघांची पद्धत वेगळी दिसते. तसं स्पष्ट लिहिलंयस?’’

‘‘लिहिलंय सर. निरीक्षक, रुग्णाचा सख्खा भाऊ.’’

‘‘आणि हा अंगठा?’’

‘‘तोही लिहिलाय.’’

सर खो खो हसले. ‘‘याच्याहून कडक साक्षीदार मला मिळायचा नाही. राहू दे.’’ त्यांनी पाकीट फोडलं. दोन्ही खेपांना झटपट चढलेलं औषध नवंच होतं. बाईंनी इतके दिवस राखून ठेवलेली उडी मारलीच.

दारात दोन सुजलेले गाल उभे होते.

‘‘मग जिंकलं कोण?’’

‘‘नवं औषध!’’

‘‘त्याचं राहू द्या. आमच्यात कोण?’’

‘‘एक-एक. बरोबरी.’’

दोघांचे चेहरे एकदम पडले. इतका वाईट निकाल चाळीस वर्षांत लागला नव्हता. धाकट्यानं दादाकडं पाहिलं, दादानं मान डोलावली.

‘‘डॉक्टरबाई,’’ धाकटा म्हणाला, ‘‘वरच्या दाढा कधी काढताय?’’