मुकं पान

ती ऑफिसात पोचली तेव्हाच अर्धी संपलेली होती. घरचं आवरा, बाबांचं जेवण झाकून ठेवा, धावतपळत या, आणि इथे वर्तमानपत्राच्या वेबसाइटचं सगळं लचांड हिच्याच गळ्यात. शेजारचा टेस्टर वाट बघतच होता. बारीकसारीक चुका हुडकतो म्हणून सगळे त्याला भिंग म्हणत.

"ताई, एक लफडं झालंय."

"तुझ्याकडे दुसरं काय असतं रे?"

"पान मुकं झालंय. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन पान वाचून दाखवतो ना? आपल्या बातम्यांवर तो शब्दही बोलत नाही. जाहिरातीची चौकट आली की 'बंद करा' म्हणतो. बंद केली की ठप्प."

हे शब्द तिने घरी ऐकले होते.

बाबांची नजर गेली तेव्हा म्हाताऱ्याने एकच हट्ट धरला होता. सकाळचा पेपर आपला आपण वाचायचा, कुणापुढे हात पसरायचे नाहीत. तिने फोन बोलता करून दिला, त्यावर आपल्याच पेपरची वेबसाइट लावून दिली, बोटं कशी फिरवायची ते शिकवलं. स्वारी खूश! मग हल्ली कुरकुर सुरू झाली. "अगं, 'बंद करा' एवढंच बोलतो. मी बंद केलं की हाही गप्प." रोज तेच. शेवटी एका सकाळी, नेमकं घाईच्या वेळी, तिचा तोल सुटला. "बाबा, तुम्ही भलतंच काहीतरी दाबता! किती वेळा शिकवू? मलाही जगू द्या की जरा!"

त्यानंतर बाबांनी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून कानाला इअरफोन लावून खिडकीशी बसायला लागले. "जमलं का?" तिने विचारलं. "जमलं, जमलं," ते म्हणाले. चला, एक कटकट मिटली, म्हणून तिला हायसं वाटलं होतं.

तिने पानाचा कोड उघडला. पानाच्या प्रत्येक भागाला कोडमध्ये अ‍ॅट्रिब्यूट जोडलेले असतात. याचं नाव काय, याचं रूप कसं, असल्या खुणाच त्या. त्यातली एक सांगते की हा भाग वाचून दाखवू नकोस. डोळसाला तिचा पत्ताही लागत नाही. चौकट उघडली की मागच्या बातम्यांना ती खूण लावायची, म्हणजे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, आणि चौकट मिटली की आठवणीने काढायची. लावण्याची ओळ होती. काढण्याची नव्हती. चौकट गेल्यावर बातम्या लख्ख दिसत होत्या आणि खूण जिथल्या तिथे बसलेली होती.

"कोणाचा हा प्रताप?" भिंगाने विचारलं.

"माझा. दुसरं कोण मरतंय इथे?"

तिने खूण काढून टाकणारी एक ओळ लिहिली. भिंगाने डोळे मिटून पान ऐकलं आणि मान हलवली. दुपारी दुरुस्त पान वाचकांपर्यंत गेलंसुद्धा. कुणी शाबासकी दिली नाही, आणि तिला ती नकोच होती. तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. पान मुकं होतं, तर बाबा रोज सकाळी काय ऐकत होते?

घरी आली तेव्हा ते खिडकीशीच होते. तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"बाबा, आज काय बातम्या?"

"काय असणार! नेहमीचंच." ते हसले. "तू दमलीस ना? चहा घे आधी."

तिने त्यांच्या हातातला फोन घेतला, इअरफोन काढून ठेवले, पान नव्याने उघडलं, चौकट बंद केली. फोन धडाधड बातम्या वाचायला लागला. बाबा दचकले. मग पुढे झुकून ऐकत राहिले, पहिली बातमी संपेपर्यंत.

"माझी चूक होती, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर दाबत होतात. उगाच बोलले मी तुम्हाला. का नाही भांडलात माझ्याशी?"

बाबांनी हात चाचपडत पुढे केला. तिचं मनगट सापडल्यावर घट्ट धरलं.

"तुझी चूक होती होय?" त्यांनी विचारलं. "बरं झालं गं बाई. मला वाटलं, डोळ्यांमागून आता डोकंही चाललं."