कुणाचीच नसलेली तारीख

जगाला सुट्टी असली की आमच्या बेकरीत दुप्पट काम असतं. लोक घरी थांबतात, माणसं जमवतात, आणि जमलेल्या माणसांना पाव लागतो. सुट्टी नसेल त्या दिवशी नेहमीचं गिऱ्हाईक असतंच. आमची भट्टी विझलेली मी कधी पाहिली नव्हती.

धाकटी बहीण सीमेपलीकडे राहते. सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर. तिची लेक पावलं टाकू लागली, तरी बाबांनी नातीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. फोनवर दर वेळी तेच: "येतो गं, जरा मोकळा दिवस बघून."

"तुझ्या बापाला सुट्टी दिली ना, तर तो ती भाजून विकेल," आत्या म्हणायची. बाबांची ही बहीण दिवसभर पीठ मळते आणि मळता मळता स्वतःच्याच ओव्या रचते.

*मैदा मळते मी, हात भरले कोपरापर्यंत,*
*नात माझी चालू लागली, कोण सांगेल कुठपर्यंत.*

बाबांना ऐकू जाईल अशा बेतानंच ती म्हणायची. बाबा पावाच्या लाद्या आत ढकलत राहायचे.

शेवटी मीच मनावर घेतलं. ऑर्डरींसाठी कॉम्प्युटरवर नवं कॅलेंडर घेतलं होतं. त्यात देश निवडला की तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आपोआप येऊन बसतात. आमचा देश भरला, धाकटीचा भरला, आणि दोन्हीकडे कोरे असलेले दिवस बाबांना वाचून दाखवू लागले.

"हा?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे. आदल्या रात्रीचं पीठ कोण भिजवणार?"

"मग हा?"

"त्या दिवशी शाळा उघडतात. डबे कसले देतील लोक?"

"हा तरी?"

"बघू."

आत्यानं पिठाचा गोळा फळीवर असा आपटला, की त्यातच सगळं आलं.

मी चिडून माऊस सरकवला. पिठाच्या हातांनी वापरून वापरून त्याचं चाक कणकेनं घट्ट बसलं होतं. यादी अडखळली, मग एकदम घसरली, आणि माझं बोट पडलं ते थेट 'सर्व देश' या चौकटीवर.

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग फुलत गेला. हिरव्या, निळ्या, केशरी पट्ट्या एकावर एक येऊन बसू लागल्या. कुठे पेरणीचा दिवस, कुठे झाडांचा, कुठे समुद्राचा, कुठे गेलेल्यांची आठवण काढायचा. काही नावांची लिपीसुद्धा मला ओळखता येईना.

"हे काय सांडलंस?" चष्म्यावरचा मैदा पुसत बाबा जवळ आले.

"सुट्ट्या आहेत बाबा. सगळ्या जगाच्या."

ते वाकून बघत राहिले. "आज पण आहे कुठे?"

"आहे."

"आणि काल?"

"काल पण होती."

"मग त्या लोकांचा पाव…" डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "म्हणजे रोज कुणीतरी माझ्यासारखाच दुप्पट भट्टी लावून उभा असतो?"

"असणारच."

"रोज! आणि मला वाटायचं, मी बाजूला झालो तर…" आत्याचे हातही पिठात तसेच थांबले. त्या रंगीत पट्ट्यांमागे आम्हा तिघांनाही भट्ट्याच दिसत होत्या. ओळखीच्या नसलेल्या गावांत, ओळखीचा नसलेला मैदा लागलेले हात एकमेकांना न बघता एकच आच जागी ठेवत होते.

"काढून टाकू का?"

"राहू दे. पुढचा महिना दाखव."

मी दाखवला. रंगांच्या त्या गर्दीत एकच चौकोन कोरा होता. बाबांनी त्यावर बोट टेकलं, मैद्याचा ठसा उमटला.

"हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"मग आपला," बाबा म्हणाले.

आत्या पदरानं नाक पुसत म्हणाली, "लिही बाई पटकन. आत्ता म्हणेल, पीठ कोण भिजवणार?"

"तू भिजव ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं," बाबा हसले.

कॅलेंडरनं सुट्टीचं नाव विचारलं. बाबांनी खूप विचार करून सांगितलं, "नातीला बघायचा दिवस." पुन्हा कधी, असंही त्यानं विचारलं. मी काही म्हणायच्या आत बाबांनीच त्या जाम माऊसनं, जीभ दाताखाली धरून, 'दरवर्षी' निवडलं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी भट्टीतली राख ओढून काढली आणि दारावर 'उद्या बंद' अशी पाटी लावली. गाडीचं तिकीट चार वेळा खिशात चाचपून पाहिलं. पहाटे निघताना परत आत गेले आणि विटांवर तळहात ठेवून उभे राहिले. आत विस्तव नव्हता, पण विटा अजून उबदार होत्या.

"झोप आता," ते भट्टीला म्हणाले, "बाकीचे जागे आहेत."