कागदावरची पट्टी

“थांबा! अहो, थांबा दोघंही!”

गाणाऱ्या बाईंनी हात वर केला. वाचनालयाच्या रिकाम्या सभागृहात पियानो एका वाटेने चालला होता, बासच्या जाड तारा दुसऱ्याच वाटेने, आणि दोघांच्या मध्ये बाई तोंड उघडून उभ्या होत्या. कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता आणि आत्ताच दोन वाजून गेले होते.

चूक कोणाची, याबद्दल बाईंना शंका नव्हती. पियानोवरची मुलगी बदली म्हणून आली होती. बावीस वर्षं साथ करणारे मास्तर काल डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडले होते, म्हणून ही त्यांची शिष्या. बाईंकडे जाझच्या नऊ कार्यक्रमांच्या नऊ फायली होत्या. आगगाडीची गाणी, पत्रांची गाणी, रुसव्याची, निरोपाची. ज्याला जो विषय हवा त्याने तो मागावा. बायकांच्या क्लबांना रुसवा लागे, बँकवाले कोणी निवृत्त झालं की निरोप मागत. आज चंद्र होता. बारा गाणी, आणि एकाही गाण्यात चंद्राला सुट्टी नाही.

“कुठली पट्टी धरलीस गं?”

“काळी दोन.” मुलीने फाईल वळवून दाखवली. “कागदावर तीच आहे.”

तीच होती. बाईंच्याच अक्षरात.

“मग काका, तुमचंच काहीतरी चुकतंय.”

बासवाले काका चौदा वर्षं बाईंच्या मागे उभे राहून वाजवत होते, आणि त्या चौदा वर्षांत चौदा वाक्यं बोलले असतील तर शपथ. त्यांनी बुटांकडे पाहिलं. “मी आपलं नेहमीचं वाजवलं. पांढरी एक.”

“नेहमीचं कसं? आपली काळी दोनच असते.”

काका बासची खुंटी उगाच पिळू लागले.

“बरं, कागदावरचं वाजवा.”

“नको बाई.”

“वाजवा म्हणते ना!”

त्यांनी वाजवलं. चार ओळी बाई नेटाने गायल्या. पाचवीत सूर वर जातो, तिथे त्यांचा आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती हवाच बाहेर आली. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

“कधीपासून चाललंय हे, काका?”

“मास्तरांना विचारा.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!”

“कुठून सुरू करायचं ते माहीत असल्याशिवाय मी वाजवणार कसा, बाई?”

बाईंनी मास्तरांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. “डॉक्टरांनी वाकायला आणि चिडायला मनाई केलीय. बेताने बोला हं,” असं बजावून त्यांनी तो मास्तरांच्या कानाला लावला.

“मास्तर, चंद्राचं पहिलं गाणं तुम्ही किती खाली उतरवलंय?”



“तीन पट्ट्या,” मास्तर म्हणाले. “पण एकदम नाही बाई. नऊ वर्षांत.”

“हे एकच ना?”

“निरोपाची फाईल सोडली तर सगळंच. ती गाणी मुळातच खालची आहेत.”

बाईंना स्वतःला पियानो येत नव्हता. मास्तरांनी सूर द्यायचा, आपण धरायचा, ही इतक्या वर्षांची सवय. आणि दर कार्यक्रमात त्या लोकांना छाती पुढे काढून सांगत, तरुणपणी ज्या पट्टीत गायचे त्याच पट्टीत आजही गाते. वयाबरोबर पट्टी उतरवणाऱ्या गायिकांना त्या ‘उतरत्या भाजणीच्या बाया’ म्हणत. लोक हसत, टाळ्या वाजवत. तेव्हा मास्तर शेजारीच बसलेले असत, आपल्या बोटांकडे बघत. ते आठवून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी लोकांशी खोटं बोलत होते, आणि तुम्ही बोलू दिलंत?”

“पहिल्यांदा तुम्हाला सर्दी होती. म्हटलं, आजच्यापुरतं एक पट्टी खाली घेऊ, बाईंना कळायचंही नाही. त्या दिवशी तुम्ही इतक्या खुशीत गायलात, की परत वर न्यायचं माझं धाडसच होईना.”

“निदान कागदावर लिहायचं होतंत.”

“कागद तुमच्या कपाटात असतात, बाई.”

कार्यक्रम रद्द करावा, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण बाहेर फलक लागला होता, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. त्यांनी फोन मुलीकडे दिला. “सांगतील ते लिहून घे. पेनाने लिही.”

मुलगी एकेक पट्टी खोडून नवी लिहू लागली. प्रत्येक वेळी खोडण्याआधी ती बाईंकडे बघे आणि बाई ‘हं’ म्हणत. अशी अकरा गाणी झाली.

“बाराव्याचं तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात.” मुलीने फोन परत दिला.

“शेवटचं मी हल्ली चार खाली घेतो,” मास्तर म्हणाले. “तरी तुमचा श्वास पुरत नाही. पाचवर न्यावं असं डोक्यात होतं. पण आता मी कोण ठरवणार? तुम्ही ठरवा.”

बाईंनी फोन ठेवला. मास्तरांचा त्यांना भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याशिवाय उभं राहायची भीतीही वाटत होती.

सहाला सभागृह भरलं. बाई दोन गाण्यांच्या मध्ये आज काहीच बोलल्या नाहीत. लोकांना वाटलं, घाईत असतील. आवाज नेहमीसारखा लागला. नेहमीसारखा म्हणजे कसा, ते बाई आज पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि प्रत्येक सुराला दचकत होत्या. तरीही अकरा गाणी पार पडली.

बाराव्याच्या कागदावर जुनी पट्टी अजून तशीच होती. मुलगी बोटं उचलून थांबली. काकाही थांबले. बाई त्यांच्याकडे वळल्या. माइक तोंडाशीच होता, तो त्यांनी बाजूला केला नाही.

“पाच पट्ट्या खाली घे,” त्या म्हणाल्या. “माझा आवाज आता तिथे असतो.”

सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. काकांनी तारेवर बोट सरकवून जागा शोधली. मुलीने सूर दिला. तो इतका खालचा होता, की क्षणभर बाईंना तो आपला वाटेचना. मग त्यांनी तो धरला आणि लोकांकडे बघत गायला सुरुवात केली.